सातवी रोटी

झूराकान आपा तोंडाची फटकळ. गावातली निम्मी माणसं तिला टाळायची, पण कद्राच्या पवित्र रात्री तिच्या दारावरून कुणी पुढे जात नसे. रमजानच्या सव्विसाव्या दिवशी रोजा सुटला की ती कढई चढवायची आणि एकेका गेलेल्याचं नाव घेत सात रोट्या तळायची. तळणीचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो आणि त्यानंच त्यांचं पोट भरतं, असं आम्ही किरगीझ मानतो. सहा रोट्या तिच्या माणसांच्या. सातवी ज्यांच्यामागे तळायला कुणी उरलं नाही, त्यांची. मग उंबऱ्याशी दिवा, दार सताड उघडं आणि पहाटेपर्यंत दुवा. हजार महिन्यांहून मोठी रात्र झोपून घालवायची नसते.

तिचा मुलगा एर्मेक नऊ वर्षांपूर्वी रशियात बांधकामावर गेला. वर्षभर फोन आले, मग काहीच नाही. आपाची नणंद दर रमजानला येऊन सांगायची, पोराचं नाव घे, बिचारा उपाशी फिरत असेल. आपा तिला फाडून खायची. जिवंत माणसाचं नाव कढईवर घेणं म्हणजे त्याला आपल्या हातानं पुरणंच. पण नणंद गेली की ती दारात जाऊन रस्त्याकडे बघत राही. पोरगा खरंच गेला असेल, तर आपणच त्याला आठ वर्षं उपाशी ठेवलं, ही भीती तिला आतून पोखरत होती. मला त्या नणंदेचा भयंकर राग यायचा.

यंदा वयामुळे आपाला कढईशी बसवेना, म्हणून शेजारीण या नात्यानं मी गेले. ती लाटत होती, मी तळत होते आणि नावंही मीच घेत होते. नवरा, सासू, सासरे, आई, वडील, धाकटी बहीण. नणंदेचं बोलणं दिवसभर माझ्या डोक्यात घोळत होतं. सातवी रोटी तेलात सोडली आणि तोंडून निघून गेलं, "एर्मेक."

आपाचं लाटणं पोळपाटावरच थांबलं.

"उलट ती. करपेल," ती म्हणाली.

मी रोटी उलटली. "आपा, चुकले मी. जीभ झडो माझी."

"राहू दे गं पोरी. कुणीतरी म्हणायला हवं होतं. मला ह्या जन्मात जमलं नसतं."

आणि ती डोक्याचा रुमाल तोंडाशी धरून रडली. नऊ वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

दुवा झाली, सहा रोट्या शेजारी वाटून झाल्या. सातवी तिनं मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. "खा, त्याच्या नावानं."

उरलेली अर्धी फडक्यात गुंडाळून तिनं उंबऱ्याशी, दिव्याजवळ ठेवली. ती कुणाची, असं मी विचारलं.

"त्याचीच," आपा म्हणाली. "जिवंत असला तर वासानं पोट भरायचं नाही. लांबून येईल, भूक लागलेली असेल."