वन्संचं झाड

आमच्या ह्यांना वाढलेलं काही बघवत नाही. चाळीस वर्षं केस कापण्याचं दुकान चालवल्यावर माणसाचं असंच होत असेल. बँकेच्या रांगेत उभे राहिले तरी पुढच्याची मान बघून ह्यांचे हात शिवशिवतात.

दुकानाच्या मागे आमची छोटी बाग आहे. तिथे ह्यांनी फुलपाखरांची झुडपं लावलीत. जांभळं सगळ्यांकडे असतं म्हणून ते ह्यांना नको. ह्यांच्याकडे पांढरं, पिवळ्या गोंड्यांचं आणि एक पानाला पिवळी कड असलेलं. थंडी सरली की हे सगळ्यांना गुडघ्याएवढं छाटतात. मग जोमाने फुटवे येतात, त्यांवर तुरे, तुऱ्यांवर फुलपाखरं. गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीला साबण घेऊन बघायला मागे येतात.

फुलत नव्हतं ते एकच, वन्संनी दिलेलं. ह्यांच्या ह्या थोरल्या बहिणीच्या दारात त्याची निराळीच जात होती. फांद्या जमिनीपर्यंत लोंबायच्या आणि अख्खी फांदी फुलांनी भरायची. घर विकलं तेव्हा वन्संनी एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून ह्यांच्या हातात दिली. नव्या मालकाने झाड उपटून फरशी घातली. वन्सं लेकीकडे चौथ्या मजल्यावर गेल्या. तिथे कुंडी ठेवायलाही जागा नाही.

काडी जगली, माणसाएवढी झाली, पण फूल म्हणून नाही. ह्यांनी खत बदललं, माती बदलली, एकदा मुळासकट उचलून उन्हात लावलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दरवर्षी मी म्हणायची, अहो, ज्यांचं झाड त्यांना विचारा की. हे ढिम्म. कारण पहिल्याच वर्षी वन्संनी फोनवर विचारलं होतं, फुललं का, आणि ह्यांनी ठोकून दिलं होतं, भरभरून फुललंय. आता कुठल्या तोंडाने विचारणार? मग दर उन्हाळ्यात तेच. वन्संचा फोन बटणांचा, त्यामुळे फोटोची भीती नाही. ह्यांनी फुलांचं वर्णन करायचं आणि मी शेजारी मूग गिळून बसायचं. ह्यांचा राग यायचा, आणि गप्प बसते म्हणून स्वतःचा त्याहून जास्त.

सहाव्या उन्हाळ्यात वन्संचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिने उतरता येतात, चार दिवस येते, माझं झाड बघायचंय. ह्यांची त्या आठवड्यात भूक गेली. दोन गिऱ्हाइकांचे कल्ले खालीवर कापले गेले.

वन्सं आल्या त्या बॅग दारात टाकून थेट बागेत गेल्या. झाड हिरवंगार, नेटकं, गोल उभं होतं. त्यांनी एक फांदी हातात धरून बुंध्यापर्यंत नजर फिरवली.

"धाकट्या, हे कापतोस तू?"

"दरवर्षी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही," हे म्हणाले. तेवढीच एक सांगण्यासारखी गोष्ट उरली होती.

"अरे, हे बाकीच्यांसारखं नाही. हे गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतं. दरवर्षी फुलंच कापून टाकलीस की."

हे पायरीवर बसले. मग सगळं सांगून टाकलं, एकदाही फुललं नाही हेसुद्धा. मला वाटलं, आता खरडपट्टी काढतील. काढली असती तर बरं झालं असतं.

"एका फोनवर सांगितलं असतं रे मी. आणि तू सांगायचास ती फुलं मी तिथे खिडकीत बसून वर्षभर आठवायची."

ह्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "ताई, आता कात्री लावणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात फुललं की पहिला फोन तुला."

"फोन नको," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या फोनवर माझा विश्वास नाही. फुललेलं बघूनच मी इथून जाईन."

पुढच्या उन्हाळ्याला अकरा महिने होते. हे माझ्याकडे बघायला लागले. मी दारातली बॅग उचलून आत आणली आणि कपाटातला माझा एक खण रिकामा करायला घेतला.