दारवाली काकी

आमच्या काळाचौकीच्या चाळीत उमेदवार आला की आधी काकीला घाबरायचा, मग समोरच्या उमेदवाराला. काकी कुणालाच साहेब म्हणत नसे. म्युनिसिपालटीचा मेंबर असो की त्याच्यामागून हार घेऊन फिरणारा, तिला सगळे ‘मेल्या’च. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, दाताला मिसरी आणि आवाज असा की खाली गल्लीत भांडणारी माणसं आपलं भांडण थांबवून वर बघायची. मी लग्न होऊन त्या चाळीत आले तेव्हा माझा आवाज मलासुद्धा नीट ऐकू येत नसे.

चाळ म्युनिसिपालटीची. आमच्या मजल्यावर बायकांच्या संडासाचं दार मोडून पडलं होतं आणि त्या जागी गोणपाट टांगलं होतं. गोदीकडून वारा सुटला की ते उडायचं. बायका जोडीने जायच्या, एक आत, एक राखणीला. मला तर ‘सोबत चल’ म्हणायचीही लाज. मी पाणी पिणंच सोडलं. शेवटी लघवीला आग होऊन तापाने पडले, तेव्हा काकी सासूबाईंना म्हणाली, “दुखणां हिच्या पोटात नाय, त्या गोणपाटात आसा.”

चाळकमिटीचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, अर्ज करू. काकी म्हणाली, “अर्जाक वास येणा नाय. माणसाक जागेवर आणूक होयो.”

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. निवडणूक जवळ आली होती आणि चाळ सगळी चळवळीच्या बाजूची. आमचे उमेदवार एक मास्तर, साधा सज्जन माणूस. मजल्यामजल्यावर बायका त्यांना ओवाळत होत्या. आमच्या मजल्यावर काकीने पाट मांडला तो थेट गोणपाटासमोर. मास्तर हार घालून पाटावर उभे राहिले. नाक दाबावं तर हात जोडलेले. तशातही त्यांनी बेळगाव-कारवारवर बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात वारा आला आणि गोणपाट त्यांच्या गालावर बसलं. मास्तरांनी तिथेच बेळगाव सोडलं.

अण्णा लालेलाल झाले. “काकी, आत्ता प्रश्न महाराष्ट्राचा आहे!”

“व्हय रे. मगे महाराष्ट्रात बायकांनी हगूक जावचां नाय?”

मास्तर रुमालाने गाल पुसत म्हणाले, “महाराष्ट्र झाला की दार नक्की.”

ही गोष्ट जुन्या मेंबरच्या कानावर गेली. तो मास्तरांच्या विरुद्ध उभा होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा सुतार नवंकोरं दार घेऊन हजर. दारावर हे मोठं मेंबरचं नाव आणि खाली ‘यांनाच मत द्या’. काकीने नाव आतल्या बाजूला येईल असं दार बसवून घेतलं. म्हणाली, “बसल्या जागी वाचूक बरां.”

गिरणीची पाळी सुटून पुरुष घरी आले आणि चाळीत आग लागली. अण्णा हातोडी घेऊनच आले. “हे लाचेचं दार आहे. उद्या सगळी काळाचौकी आपल्या तोंडावर थुंकेल. उखडा!”

काकी दाराला पाठ लावून उभी राहिली. “दार कोणाचां तां मगे बघ. भितर कोण आसा तां आधी बघ.”

भितर मी होते. बाहेर वीसेक पुरुष, आत माझ्या डोळ्यांसमोर मेंबरचं नाव. कुणीतरी काकीच्या बाजूने हात घालून बिजागरीवर हातोडी मारली. दार हललं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “दाराला हात लावाल तर तुमच्या घरातल्या एकाही बाईचं मत मास्तरांना पडणार नाही!”

बाहेर काकीचं खदाखदा हसणं. “आयकलंस मरे, अण्णा? आमची मुकी बोलली.”

हातोडी परत गेली. मी मात्र सगळे पांगेपर्यंत बाहेर आले नाही.

मतदानाच्या दिवशी काकी आम्हा बायकांना घेऊन निघाली आणि मत मास्तरांनाच द्यायला लावलं. मी विचारलं, “आणि दार?”

“दार दिल्यान म्हणान मत दिलां, तर उद्या लादी बसवून काय मागतलो मेलो?”

मास्तर निवडून आले. पुढे महाराष्ट्रही झाला. दाराला आतून कडी मात्र नव्हती. ती काकीने स्वतः विकत आणून लावून घेतली.

मग गुडघे धरले म्हणून ती बोटीने गावी गेली, ती परत आली नाही. गेल्याची बातमी पावसाळ्यात आली. त्या दिवशी आमच्या मजल्यावर कुणी मोठ्याने बोललं नाही.

पुढच्या निवडणुकीला नवा उमेदवार आला. काकी नाही, म्हणून बायकांनी मला पुढे ढकललं. मी तुंबलेल्या मोरीपाशी उभी राहून सांगू लागले. तो लांबूनच कानामागे हात धरून म्हणाला, “बाई, जरा मोठ्याने बोला.”

मी म्हटलं, “तुम्हीच जवळ या.”

आला. घोट्यापर्यंत पाण्यात.