बारा घरचे स्टोव्ह

वासंती टेंबे आमच्या डोंबिवलीच्या चाळीत माझी शेजारीण. वयाने माझ्याहून लहान, पण लोणच्याच्या मुहूर्तापासून बारशाच्या कुंचीपर्यंत रीत विचारायची ती तिलाच. मी तिला म्हणायचे, "तू पंचांग हातात घेऊनच जन्मलीस गं." ती हसायची आणि पुन्हा मुहूर्तच सांगायची.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. तिचे यजमान छातीच्या दुखण्याने सॅनेटोरियममध्ये जाऊन पडले आणि जिने कधी भाजीवाल्याशी घासाघीस केली नव्हती, ती बाई ठाण्याला कारखान्यात नोकरीला लागली. कारखाना महिपतरावांचा, कंदिलांचा. पण त्यांनी नुकताच एका सरकारी प्रयोगशाळेशी करार केला होता. वातीच्या स्टोव्हचा नवा नमुना प्रयोगशाळेने द्यायचा, कारखान्याने तो बनवायचा आणि आधी बारा घरी वापरून बघायचा. जमलं तर विकायची परवानगी, नाहीतर करार संपला. घरोघर स्टोव्ह पोचवून तो लावून द्यायचा, हे वासंतीचं काम. करार संपला की तिची नोकरीही जाणार होती आणि त्या नोकरीवरच यजमानांचं औषधपाणी चाललं होतं. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

बारातलं एक घर माझं. स्टोव्ह दिसायला नामी. पंप मारायला नको, भडका उडायची भीती नाही, ज्योत निळी आणि भांड्याला काजळी नाही. म्हणजे प्रयोगशाळेत नाही. माझ्याकडे दुसऱ्या दिवसापासून पिवळी ज्योत आणि धूर. तव्याआधी माझंच तोंड काळं झालं. बाकीच्या अकरा घरीही हीच रड.

स्टोव्ह परत मागवले. आता दुसऱ्याची वस्तू परत करायची तर ती कुणी घाणेरडी देतं का? मी चिंच आणि राख लावून असा घासला की नवा वाटावा. सगळ्याच जणींनी घासले. वरून लखलखीत, पण आतली बारीक भोकं काळ्या पुटाने बुजलेली. ती रॉकेलची काजळी, असं सगळे धरून चालले. प्रयोगशाळा म्हणे, कारखान्याने भोकं नीट पाडली नाहीत. कारखाना म्हणे, नमुनाच चुकलाय. दोघांच्या भांडणात हाल वासंतीचे.

तिने घरोघर जाऊन विचारलं, "स्टोव्हवर काही सांडलं होतं का?"

मी उखडलेच. "माझ्या हातून? वीस वर्षं संसार केलाय मी!" इतर घरीही तिने अशीच बोलणी खाल्ली.

शेवटची चाचणी वासंतीच्याच घरी ठरली. प्रयोगशाळेचे डॉक्टर केळुसकर स्वतः आले, महिपतरावही आले. दोघे एकमेकांकडे न बघता पाटांवर बसले. मी चहाला मदत म्हणून गेले. खरं तर बघायलाच गेले. वासंतीने वाती पेटवल्या. ज्योत निळीशार. तिने स्टोव्हला हळदकुंकू लावलं, पातेलीत दूध ठेवलं आणि हात जोडून बसली. दूध वर आलं, काठावरून चर्रकन वाहिलं.

"झाला शकुन," ती म्हणाली. "आता चहा टाकते."

ज्योत पिवळी पडायला लागली होती.

केळुसकर उठून उभेच राहिले. "बाई, दूध उतू गेलं!"

"गेलं नाही हो, घालवलं. घरात नवी चूल आली की पहिलं दूध उतू घालवायचं असतं. बरकत येते."

"आणि बाकीच्या घरी?"

वासंतीने ज्योतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. गप्प बसता आलं असतं तिला. पण ती हळूच म्हणाली, "तिथेही घालवलं. सगळीकडे मीच, माझ्या हाताने."

मलाही तेव्हाच उमगलं. सांडणं म्हणजे गबाळेपणा आणि उतू घालवणं म्हणजे लक्ष्मीचं काम. दोन्हीकडे दूध तेच, हे आम्हा इतक्या संसारी बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे माझा माल चांगला आहे!" महिपतराव ओरडले.

"आणि माझा नमुनाही," केळुसकर म्हणाले. इतके महिने न बोललेले दोघे पुरुष एकमेकांकडे बघून हसायला लागले.

"आता खोक्यावरच छापतो," महिपतराव म्हणाले, "दूध उतू घालवू नये म्हणून."

"छापा," केळुसकर म्हणाले. "माझी आई खोक्यासकट तुमचा स्टोव्ह बाहेर फेकेल. अहो, रीत कशाला बदलायची? स्टोव्ह बदलू." मग ते वासंतीकडे वळले. ती अजून मान खाली घालून उभी होती. "बाई, आम्हाला जे सापडत नव्हतं ते तुम्ही दाखवलंत. नव्या स्टोव्हवर पहिलं दूध तुम्हीच घालवायचं."

त्यांनी भोकांभोवती पत्र्याची उभी कड बसवली आणि बाहेरून एक ताटली. स्टोव्ह खपले, करार टिकला, वासंतीची नोकरी राहिली. सरकारी माणसांना नावं ठेवायची मला जुनी खोड आहे. पण त्या केळुसकरांना आणि महिपतरावांनाही मी आजवर मनातून हात जोडत आले. एकाने दुसऱ्यावर खापर फोडून मोकळं होणं किती सोपं होतं, आणि वासंतीवर फोडणं तर त्याहून सोपं.

पुढच्या वर्षी यजमान घरी आले. वाळलेले, दोन पावलं चालले की टेकणारे. वासंतीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्टोव्हवर दूध ठेवलं. मी साखर घेऊन आत शिरत होते, तेवढ्यात ते ओरडले, "अगं, दूध उतू चाललं!" आणि कुणाच्याही आधाराशिवाय उठून, चार पावलं टाकून स्टोव्हपाशी आले.

"जाऊ दे," वासंती म्हणाली.

दूध ताटलीत उतरत होतं, ज्योत निळीच होती. पण ती तिकडे बघतच नव्हती. स्टोव्हपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत ती हसतही होती आणि पदराने डोळेही पुसत होती.