दोन बाटल्या आणि डॉ. सुमतीबाई

डॉ. सुमतीबाईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या नागपुरातल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाली. तीच त्यांची प्रयोगशाळा. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला, नोकरीसाठी आलेला. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले. शुक्रजंतूंची ती लगबग पाहून माझे हात आपोआप जुळले.

"नमस्कार मागून करा. आधी मोजा," बाई म्हणाल्या. मी मोजले आणि नोकरीला लागलो.

मूल होत नाही म्हणून सुनेलाच तेवढे तपासायला आणत. बाई नवऱ्यालाही बोलावून घेत. एका सासूबाईंनी हटकले, "माह्या पोराले काहून तपासता?" बाई म्हणाल्या, "लेकरू एकटीच्या भरवशावर होतं काय, आजी?" त्यांची जीभ तिखट आहे, तिचा प्रसाद मलाही पुष्कळदा मिळाला आहे.

काही वर्षांपूर्वी त्यांनी शुक्रजंतू निवडण्याची नवी पद्धत सुरू केली. परीक्षानळीत वीर्यावर पोषक द्रव हलकेच सोडायचा आणि नळी अंगाइतक्या उबेत तासभर ठेवायची. जोमदार जंतू आपणहून वर पोहत येतात. तेवढाच वरचा द्रव पत्नीच्या गर्भाशयात सोडायचा.

एका सकाळी समोरच्या धर्मशाळेतून दोघी जणी एकदमच आपापल्या नवऱ्याच्या वीर्याच्या बाटल्या घेऊन आल्या. नवरे संकोचाने मागेच राहिले होते. मी नाव विचारले. भिवापूरकडच्या पार्वताबाई पदराआडून म्हणाल्या, "घरधन्याचं नाव कसं घेऊ जी?" दुसऱ्या बाईंनीही पदर पुढे ओढला. आमच्या गावचीही हीच रीत, म्हणून मला आग्रह करवेना. दोन्ही सारख्याच बाटल्या तोवर मेजावर एकत्र ठेवल्या गेल्या होत्या; नोंदवहीतली नावे पाहून मी अंदाजानेच चिठ्ठ्या चिकटवल्या. तासाभराने जंतू छान वर आले, पण माझे मन मात्र थाऱ्यावर राहीना. मी बाईंना सारे सांगितले.

त्यांनी दोन्ही नळ्या ओतून दिल्या आणि दोन्ही जोडप्यांना बोलावले. "चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे. कोणती बाटली कोणाची, याची आम्हाला खात्री नाही," त्या म्हणाल्या. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

पार्वताबाई उसळल्या. "आता पुन्हा महिनाभर थांबू काय? तिकडं सासू दुसरी सून पाहून राहिली!"

"रागवा, तुमचा हक्क आहे," बाई म्हणाल्या. "पण लेकरू तुम्हा दोघांचंच व्हायला पाहिजे."

इतका वेळ खाली मान घालून उभे असलेले पार्वताबाईंचे यजमान तेव्हा पहिल्यांदा बोलले. "थांबतो आमी. मायले मी सांगतो, उणं माह्यात हाय म्हणून."

डॉक्टरांनी आपली चूक अशी उघड कबूल केली नसती, तर यजमानांनाही तो धीर झाला नसता, असे मला वाटते. त्यानंतर तिसऱ्या खेपेला पार्वताबाईंना दिवस राहिले. दुसरे जोडपे मात्र पुन्हा आलेच नाही. ती खंत बाईंना आजही आहे. त्या दिवसापासून बाटली नवऱ्यानेच आणायची आणि स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचे, असा दवाखान्याचा नियम झाला.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. परमेश्वराने त्यांना ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य द्यावे. आईला खरे सांगायचे कसे, या विचाराने अडलेले कितीतरी मुलगे अजून त्यांच्या दारात यायचे आहेत.