नकाशावरची वाडी

"इस्माईल, कॅम्प नेमका कुठे टाकलास?"

"वाडीत, मॅडम. नकाशावर तसंच लिहिलंय ना. सपाट जागा आहे, चार बाभळीपण आहेत."

इस्माईल आमचा नवा साइट सुपरवायझर. दापोलीहून सौदीत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. नकाशावरचं इंग्रजी स्पेलिंग त्याने सरळ 'वाडी' वाचलं. अरे बाबा, ती 'वादी'! अरबीत वादी म्हणजे कोरडी नदी. आणि वर डोंगरात सकाळपासून पाऊस कोसळतोय, असा निरोप जेद्दाच्या ऑफिसात मला आत्ताच आला होता.

मी हायड्रॉलॉजिस्ट. पाणी कुठून, किती आणि कधी येईल याचा अंदाज बांधणारी. इथले डोंगर म्हणजे नुसता कातळ. पाणी मुरतच नाही, पडलं की घसरलं. एवढ्या मोठ्या खोऱ्याचं पाणी एका अरुंद पात्रात उतरतं. एप्रिलमधले वळीव तर विचारूच नका. त्यात आम्ही रस्त्यासाठी पात्रावर आडवा भराव घातलेला, आणि पाणी जायला ठेवलेले पाइप वाळूने बुजलेले. भरावाच्या खालच्या अंगाला कॅम्प. त्यात नाइट शिफ्टची साठ माणसं झोपलेली.

प्रोजेक्ट मॅनेजरकडे धावले. त्याने खिडकीकडे बोट दाखवलं.

"ऊन पडलंय. संध्याकाळी काँक्रीट ओतायचंय. नुसत्या अंदाजावर कॅम्प हलवू?"

"मग नको म्हणून लिहून द्या. खाली सही करा."

त्याने पेन उचललं, परत ठेवलं. मग म्हणाला, "यल्ला, चला, हलवा."

मी फोनवर ओरडले, "इस्माईल, सामान गेलं खड्ड्यात! माणसं टेकडीवर ने. रस्त्यावर नको, भराव फुटेल."

अर्ध्या तासाने त्याचा फोन. मागे नुसता गलका.

"एकोणसाठच भरतायत, मॅडम. रफीक आचारी इकामा आणायला परत गेला."

इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना. त्याच्याशिवाय इथे माणूस नाक्यापर्यंतसुद्धा जात नाही.

"पाणी कुठवर आलंय?"

"भरावाला टेकलंय. मी जातो त्याला आणायला."

"तू नको जाऊ—" फोन कट.

पुढची वीस मिनिटं मी देवाचा धावा केला आणि मॅनेजरला शिव्या घातल्या, दोन्ही मोठ्यांदा. मग फोन वाजला. इस्माईल धापा टाकत होता.

"आणला मेल्याला, कॉलर धरून. भराव फुटला, मॅडम. कॅम्प दिसतच नाही आता."

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. कॅम्प का वाहून गेला? जोरदार पाऊस, उघडा कातळ, बुजलेले पाइप. मॅनेजर म्हणाला, "पाऊस ठेवा. पाइप काढा."

मी काढले नाहीत. उलट चौथं कारण घातलं: नव्या माणसाला नकाशातला शब्द कुणी समजावून सांगितला नाही.

"हे तुमच्यावरच येईल," तो म्हणाला.

येणारच होतं. नकाशावर तपासणारी म्हणून माझी सही होती. पावसावर ढकलणं सोपं असतं. त्याची कुठल्याच कागदावर सही नसते.