बाबांनी चाखला वाईनचा मुरंबा

मंडळी, दुपारपासून जीवाला चैन नाही, म्हणून लिहून राहिले आहे.

आज आलुबुखाऱ्याचा मुरंबा केला. दालचिनी, लवंग आणि अर्धी बाटली रेड वाईन. बरणीत भरत होते, तेवढ्यात सासरे आले आणि त्यांनी चमचाभर चाखला. "वा बेटा! काय टाकलं?"

"दालचिनी, बाबा." वाईनचं नाव तोंडातून निघालंच नाही.

बाबा इथल्या रांझी भागातल्या फॅक्टरीतून रिटायर झाले. एके काळी खूप प्यायचे. नऊ वर्षांपासून थेंबही घेतला नाही.

संध्याकाळी राहवलं नाही. सगळं सांगून माफी मागितली.

"तेव्हाच काहून नाही सांगितलं?" ते म्हणाले. "चव तर मी ओळखली होती. तेव्हापासून डोक्यात तेच घुमून राहिलं. बाकीची बाटली कुठाय?"

मी भीत भीत आणून दिली. त्यांनी तोंड फिरवून ती बेसिनमध्ये ओतली. "चलो, नळ सोड. वास जाऊ दे."

आता ते अंगणात फेऱ्या मारून राहिले आहेत, थांबतच नाहीत. तुमच्या घरी कोणी सोडली असेल तर सांगा ना, अशा वेळी सोबत चालावं, की एकटं राहू द्यावं?