तारीखरावांचं विधेयक

वकिली करत होते तेव्हा सगळे त्यांना तारीखराव म्हणत, आणि त्यात काडीची अतिशयोक्ती नव्हती. दावा कसलाही असो, नावाचा पुकारा झाला की हे काळा कोट सावरत उठायचे आणि म्हणायचे, "तयारीला वेळ हवा, पुढची तारीख मिळावी." समोरच्याला जेरीस आणायला हे ठीक आहे हो, पण आपला पक्षकार जिंकत आला तरी हे तारीखच मागायचे! जेवायला हाक मारली तरी यांच्या तोंडात आधी तेच येतं, अशी बायकोची तक्रार होती.

असल्या माणसाला लोकांनी आमदार का केलं, ते लोकच जाणोत. निम्मा मतदारसंघ कोर्टाच्या बाकावर ताटकळलेला, त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटला असेल. निवडून आल्यावर त्यांनी सगळ्या फायली एका चष्मेवाल्या तरुण वकीलबाईंच्या गळ्यात मारल्या आणि पुन्हा कोर्टाची पायरी चढली नाही.

एक फाईल मात्र मनातून जाईना. आई गेल्यावर ज्या मावशीने त्यांना लहानाचं मोठं केलं, तिची. शेजारच्या शिंप्याने तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला खेटून भिंत घातली होती, आणि चौदा वर्षं ती भरदिवसा दिवा लावून भाजी चिरत होती. आता ती अठ्ठ्याहत्तरची. तिच्या हयातीत त्या खिडकीतून ऊन यावं, एवढंच तारीखरावांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी विधेयक आणलं: सत्तरी ओलांडलेल्यांचे दावे वर्षाच्या आत निकाली निघावेत. भाषण आरशासमोर इतक्यांदा म्हटलं, की बायकोलाही पाठ झालं.

अधिवेशनाच्या शेवटच्या दुपारी विधेयकाची पाळी आली. आज हुकलं की संपलं, हे त्यांना माहीत होतं. पण अध्यक्षांनी खणखणीत आवाजात नाव पुकारलं आणि तीस वर्षांची सवय खाडकन उभी राहिली.

"महोदय, तयारीला वेळ हवा, पुढची तारीख मिळावी."

सभागृहात विरोधकांनी आणि सत्ताधाऱ्यांनी, बहुधा पहिल्यांदाच, एकत्र बाकं वाजवली. "विनंती मान्य," अध्यक्ष म्हणाले. "पुढचा विषय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तारीखराव मावशीच्या दारात जाऊन उभे राहिले. रुमालाने डोळे पुसत म्हणाले,

"मावशी, मी माती खाल्ली. तुझ्यासाठी विधेयक आणलं आणि मीच त्याला तारीख मागितली."

"खाल्लीस ना? मग आता चहा पी," मावशी म्हणाली. "आत ये आधी, दारात कसला रडतोस."

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि त्यांचे डोळेच दिपले. ओट्यावर, भांड्यांवर, मावशीच्या पांढऱ्या केसांवर सगळीकडे ऊन पसरलं होतं.

"भिंत कुठे गेली?"

"पाडली की, गेल्या महिन्यात. त्या चष्मेवालीने तीन तारखांत निकाल घेतला. हुशार आहे हो पोरगी. कोर्टात जाते आणि चक्क बोलते!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझं ते विधेयक चाललं होतं ना. म्हटलं, कशाला हिरमोड करायचा."

तारीखराव मटकन स्टुलावर बसले. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मावशीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अरे, ही गुडघेदुखी घेऊन मी तुझ्यासाठी दारोदार मतं मागत फिरले, ती काय उगाच? तू कोर्टातून हलल्याशिवाय ती भिंत हलणार नव्हती, राजा."

चहाचा कप त्यांच्या हातात देत मावशी जरा काळजीने म्हणाली, "पुढच्या निवडणुकीलाही उभा राहा हं. शिंपी अपिलात गेलाय."